अक्कांचं पान

"तू सवाष्ण आहेस ना गं?"

दार उघडल्या उघडल्या कुमुदताईंनी हेच विचारलं. कोण, कुठली, काय काम, काही नाही. माझ्या हातात विद्यापीठाची निळी फाइल होती आणि रिक्षात बसून पाठ केलेलं वाक्य तोंडात होतं. ते तसंच गिळलं आणि म्हटलं, "हो."

"मंगळसूत्र दिसत नाही."

"आत आहे. ड्रेसच्या आत."

"काढ बाहेर. चपला इथेच राहू देत. मागच्या पडवीत पाय धुऊन ये." मग आत तोंड करून त्या मोठ्याने म्हणाल्या, "मालन, मिळाली गं!"

सकाळचे साडेअकरा वाजले होते. मिरजेतलं साधं दोन मजली घर, पुढे तुळस, मागे पडवी. माझा विश्वास बसत नव्हता की मी कुमुदिनी खासनिसांच्या दारात उभी आहे. लहानपणी दर गुरुवारी दुपारी दोनला आमच्याकडे सगळं थांबायचं. टीव्हीवर 'आजचं पान' लागायचं, आणि आई जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर भराभर लिहून घ्यायची. लिहिता लिहिता दर वेळी म्हणायची, "बघ, बघ! आजपण चाखलं नाही हिने." कुमुदताई कधीच चाखायच्या नाहीत. पातेल्यावर वाकायच्या, गळ्यातल्या पदकाला दोन बोटं लावायच्या, चिमूट सोडायच्या आणि म्हणायच्या, "पुरे." सोळा वर्षांत एकदाही नाही.

आमचं विद्यापीठ त्यांना डी.लिट. देणार होतं. मी तिथे समारंभ विभागात कंत्राटी होते. मानपत्राचा मसुदा माझाच होता आणि त्यात हे न चाखण्याचं वाक्य मी फार हौसेने घातलं होतं. आता दोन सह्या हव्या होत्या. एक मसुद्यावर, एक निवेदनावर. गोसावी साहेबांनी बजावलं होतं, "तीनच्या आत कागद माझ्या टेबलावर. सुलेखनवाला चारच्या गाडीने चाललाय. आणि बाई, दिवाळीनंतर तुम्हाला इथे दिसायचं असेल तर रिकाम्या हाताने येऊ नका."

पडवीत मालन खोबरं खवत बसली होती. या घरात तीस वर्षं काम केलेली, दात थोडे पुढे, बोलणं खणखणीत.

"घाबरू नगंस. जेवायचं आन् गप ऱ्हायाचं. ताई मिठाचं इचारतील, 'बरोबर आहे' म्हणायचं. गेल्या साली समोरच्या फडणिसांची सून म्हणली, 'जरा तिखट झालंय.' ताई दोन दिस जेवल्या न्हाईत. औंदा ती बया माहेरीच पळाली."

"पण हे आहे काय?"

"अविधवा नवमी. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईचं पान. ताईंच्या मालकांची, अण्णांची पहिली, द्वारकाबाई. तिच्या नावानं सवाष्ण जेवाय घालायची. ताई दुसरेपणाच्या, म्हाईत न्हाई व्हय? सोळा वर्सं टीव्हीवर दाखवत हुत्या की गळ्यात."

"ते पदक?"

"पदक कशाचं! सवतीचा टाक त्यो. पहिलीची परतिमा. नवं लुगडं आधी तिला दाखवायचं, मग आपण नेसायचं. घास आधी तिला, मग आपल्याला." मालन हसायला लागली. "आन् निम्म्या सांगलीच्या बायकांनी सोनाराकडं जाऊन तसलाच करून घेतला. समद्या सवती!"

मला हसू आलं नाही. माझ्या आईनेही करून घेतला होता. लग्नकार्यात घालते. 'कुमुदताई पदक' म्हणूनच सराफाने दिला होता.

"आनखी एक," मालन म्हणाली. "उठल्यावर 'येते' म्हणायचं न्हाई. ह्या पानावरनं उठलं की मागं न बघता चालाय लागायचं. म्हणशील सवयीनं."

"नाही म्हणणार."

"आन् दिवस न्हाईत न्हवं गेलं? पोटुशीला हे पान चालत न्हाई. द्वारकाबाई सातव्यात गेली. दोघं गेली."

मला दोन महिने आणि सहा दिवस झाले होते. घरात तिघांनाच माहीत होतं, आणि सासूबाईंनी देवासमोर माझ्याकडून कबूल करून घेतलं होतं की तिसरा सरेपर्यंत कुणाला म्हणजे कुणालाही सांगायचं नाही. माझ्या आईलासुद्धा सांगितलं नव्हतं. मग पडवीतल्या परक्या बाईला कसं सांगू? आणि सांगितलं तर पान नाही, पान नाही तर सही नाही.

"नाही," मी म्हटलं.

"ब्येस झालं."

स्वयंपाकघरात कुमुदताईंनी चष्मा लावून दोन्ही कागद उभ्यानेच वाचले. मानपत्रावर झरकन सही केली. निवेदनापाशी थांबल्या. मोठ्याने वाचलं, "'माझ्या सर्व ग्रंथांतील पाककृती मी स्वतःच्या अनुभवातून व संशोधनातून सिद्ध केल्या असून त्यांवर अन्य कोणाचाही हक्क नाही.' हे कुणी लिहिलं?"

"मीच. तसा नमुनाच असतो."

"मी मॅट्रिक नापास आहे, माहितीये तुला? तीनदा. वडील म्हणाले, आता हिला बिजवराला द्या. म्हणून या घरात आले." त्यांनी कागदावरून हात फिरवला. "'डॉक्टर कुमुदिनी.' परवापासून न्हाणीघरात मोठ्याने म्हणून बघतेय. मालन हसते. फार हवंय गं मला हे. खोटं कशाला बोलू."

"मग करा ना सही."

"मला एकटीला नाही करता येत. तिला विचारायला हवं." त्यांनी निवेदन घडी घालून मिसळणाच्या डब्याखाली ठेवलं. "आधी तिचं पान होऊ दे."

केळीचं पान मांडलेलं होतं. आळूची भाजी, गवार, भोपळा, वडे, खीर, आमसुलाची चटणी, वाटीत कढी. त्यांनी करंडा माझ्यापुढे धरला. "तुझं तू लाव. अण्णा गेल्यापासून मी कुणाला लावत नाही. भटजी म्हणाले होते, ते गेले, आता ही नवमी बंद करा, दोघी सुटलात. मी म्हटलं, मी सुटले असेन. तिला कोण सांगणार?"

मी कुंकू लावलं. हिरव्या बांगड्या भरल्या. मान वर केली तर कुमुदताईंचा चेहरा बदललेला होता. शाळेतल्या मुलीने बाईंसमोर उभं राहावं तशा उभ्या होत्या, एकाहत्तर वर्षांच्या.

"या, अक्का," त्या म्हणाल्या. "बसा."

मी मागे वळून पाहिलं. मागे फक्त फळीवरचे डबे होते. मालनने मला डोळ्यांनीच पाटाकडे ढकललं आणि दाराशी जाऊन बसली.

मी बसले.

आठवडाभर मला फोडणीच्या वासाने कोरड्या उलट्या येत होत्या. चहासुद्धा टिकत नव्हता. त्या पानावर मला भूक लागली. अशी भूक मला त्याआधी कधी लागली नव्हती आणि नंतरही नाही. मी खाली मान घालून आळू संपवलं, वडे संपवले. त्या वाढत होत्या आणि बोलत होत्या, पण माझ्याशी नाही.

"अक्का, लग्नाला चार दिवस झाले होते, आठवतं? मला आमटीसुद्धा येत नव्हती. यांनी एक घास घेतला आणि ताट सरकवलं. मी इथेच, या कोपऱ्यात रडत बसले. तेव्हा तुम्ही पहिल्यांदा आलात. टाक एकदम तापला. मी घाबरून हात लावला, तर हात मिठाच्या बरणीकडे गेला. घातलं, घातलं, आणि टाक गार पडला. बर्फासारखा. मग कळलं, पुरे म्हणताय."

मालन दाराशी पदराच्या टोकाने घाम टिपत होती. तिने हे पहिल्यांदाच ऐकलं होतं, तिच्याकडे बघून समजत होतं.

"तीनशे बारा पदार्थ," कुमुदताई म्हणाल्या. "तुम्हाला लिहिता येत नव्हतं. मी लिहिले. खिरीत किती, सांज्यात किती, सगळं तुम्ही सांगितलंत आणि खाली नाव माझं. बावन्न नवम्या झाल्या, दर नवमीला विचारते, दर वर्षी सवाष्ण म्हणते 'छान आहे' आणि ओटी घेऊन जाते. तुम्ही कधी काही बोलत नाही." त्यांनी कढीची वाटी पानाजवळ सरकवली. "अक्का, मीठ कसं आहे?"

मालनने मान हलवली. बरोबर आहे म्हण.

मी वाटी तोंडाला लावली. कढी गरम होती, आंबटगोड, आल्याचा वास. मला एवढंच आठवतं. वाटी खाली ठेवली आणि म्हटलं,

"मीठ बरं आहे. मेथ्या विसरलीस, कुमुद."

आवाज माझाच होता. घोगरा वगैरे नव्हता. पण माझ्या माहेरी कढीला मेथ्या घालत नाहीत आणि सासरी कढी कुणी खात नाही. आणि आईच्या वयापेक्षाही मोठ्या बाईला मी एकेरीत नावाने हाक मारली होती.

कुमुदताई खाली बसल्या. त्यांचे गुडघे कामातून गेलेले, वाकत नसत, मालन सांगत होती. त्या सरळ जमिनीवर बसल्या.

"विसरले नाही," त्या हळूच म्हणाल्या. "कढीच्या फोडणीत सात दाणे मेथीचे. पुस्तकात लिहिलेच नाहीत. तीनशे बारांमधली ही एकच खूण तुमच्यासाठी ठेवली होती. दर नवमीला मुद्दाम मेथ्यांशिवाय करते. ज्या दिवशी पान म्हणेल मेथ्या राहिल्या, त्या दिवशी समजेन की तुम्ही आलात."

मागच्या पडवीत नळ ठिबकत होता. माझ्या पर्समध्ये फोन थरथरायला लागला. गोसावी साहेब. थांबला. पुन्हा थरथरला.

"अक्का," कुमुदताईंनी माझ्या पानाच्या कडेला हात टेकला. "ते पदवी देतायत. सगळं माझं आहे असं लिहून मागतायत. तुम्ही नाही म्हणालात तर मी घेणार नाही. खरंच नाही घेणार. म्हणू का, माझं आहे?"

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी थांबले. आतून काही येतंय का म्हणून वाट पाहिली. मेथ्यांच्या वेळी जसं आलं होतं तसं. काही आलं नाही. फक्त फोन थरथरत होता, आणि घड्याळात एक वाजून वीस मिनिटं झाली होती.

"म्हण," मी म्हटलं.

मेथ्या माझ्या नव्हत्या. हे 'म्हण' माझं होतं.

त्यांनी डब्याखालून निवेदन काढलं आणि जमिनीवर बसूनच सही केली, लांबलचक, पूर्ण नाव. मग गळ्यातला टाक मुठीत धरला आणि बराच वेळ धरून बसल्या. "अक्का अजून गरमच आहेत," एवढंच म्हणाल्या.

मग त्यांनी माझी ओटी भरली. नारळ माझ्या पोटाशी आला तेव्हा त्या क्षणभर थबकल्या आणि माझ्या तोंडाकडे पाहिलं. काही विचारलं नाही.

मी फाइल उचलली. दोन सह्या झाल्या होत्या, हातात वेळ होता, एक मोठं काम पार पडलं होतं. उंबऱ्यात चपला घालताना मी मागे वळले आणि आईने लहानपणापासून जे शिकवलंय, ते तोंडातून निघून गेलं.

"येते हं."

मालनने स्वतःच्या तोंडावर हात मारून घेतला.

आतून, स्वयंपाकघराच्या अंधारातून, कुमुदताईंचा आवाज आला. फार मायेने आला.

"या, अक्का."

समारंभ दसऱ्यानंतर झाला. लाल झगा, डोक्यावर ती चौकोनी टोपी, मानपत्र वाचायला स्वतः कुलगुरू. न चाखण्याच्या वाक्याला सभागृहाने टाळ्या वाजवल्या. मी मागच्या रांगेत उभी होते. त्यांचा गळा मोकळा होता.

त्याच आठवड्यात टीव्हीवाल्यांनी जुन्या कार्यक्रमाचा एक खास भाग केला, थेट प्रक्षेपण, 'डॉक्टर कुमुदिनींचं आजचं पान'. तो मी पाहिला नाही. दुपारी आईचा फोन आला.

"अगं, बघितलंस का? चाखलं तिने!"

"काय?"

"आमटी. गळ्याला हात लावला, मग नुसतीच उभी राहिली. केवढा वेळ! ती निवेदक मुलगी घाबरली. मग चमचा घेतला आणि चाखलं. परत मीठ घातलं. परत चाखलं. परत घातलं. त्या मुलीने घास घेतला ना, तिचं तोंड बघवेना."

तिसरा महिना सरला होता. आईला गोड बातमी दिली.

बारशाला कुमुदताई आपण होऊन आल्या. कुणी बोलावलं होतं कुणास ठाऊक, बहुधा मालनने. बायकांनी गराडा घातला, फोटो काढले. त्या सगळ्यांमधून वाट काढत पाळण्यापाशी आल्या, वाकल्या, आणि माझ्या बारा दिवसांच्या मुलीला म्हणाल्या, "बऱ्या आहात ना?"

सगळ्या बायका हसल्या. टीव्हीवरची बाई किती गमतीशीर!

जाताना त्यांनी मला कोपऱ्यात घेतलं. "टाक नदीत सोडला गं. त्या दुपारी तू गेलीस आणि गार पडला, तो गारच राहिला. आधी वाटलं पुरे म्हणतायत. मग कळलं, कुणी नाहीच आत." माझा हात थोपटला. "मी रागावले नाही हं. तुझ्यावरही नाही. अक्कांचे सात महिने झाले होते, पुढचे दोन राहिले होते. सांभाळ."

दोन वर्षांनी त्या गेल्या. पेपरात 'डॉ.' लावून बातमी आली. मालनने त्यांच्या सांगण्यावरून मला 'डावं उजवं' पाठवलं, त्यांच्या पहिल्या पुस्तकाची पहिली आवृत्ती, हळदीच्या डागांची.

माझी मुलगी शाल्मली आता पाच वर्षांची आहे. पुढचा एक दात पडलाय. झोपताना माझ्या कानाची पाळी धरून झोपते, ती सुटली की जागी होते, म्हणून दुपारी तिच्याजवळ पडून डाव्या हाताने उशीवर वही धरून हे लिहिते. दोन दिवसांत एक पान होतं. ती सगळ्या मुलींसारखी आहे. चिडते, खोटं बोलते, मांजरांच्या मागे धावते. फक्त स्वयंपाकघरात, मी मीठ हातात घेतलं की खेळ सोडून येते आणि ओट्याला हनुवटी टेकून उभी राहते. कधी तरी म्हणते, "पुरे." मी चाखून पाहणं सोडून दिलंय.

आमच्याकडे कशातच मेथ्या पडत नाहीत. मी घरातच ठेवत नाही.

काल दुपारी मला डुलकी लागली. जाग आली तर कानाला बोटं नव्हती. ती खाली जमिनीवर पालथी पडून 'डावं उजवं' उघडून बसली होती, खडूंची पेटी बाजूला. तिला अजून वाचता येत नाही. 'श' तेवढा ओळखते, तिच्या नावातला.

"शालू, पुस्तकात रंगवायचं नाही, सांगितलंय ना?"

"रंगवत नाहीये," ती मान वर न करता म्हणाली. "इथे राहिलं होतं."

मी उठून जवळ गेले. कढीचं पान होतं. साहित्याच्या यादीखाली, जिथे आलं आणि कढीलिंब संपतो, तिथे पिवळ्या खडूने तिने ठिपके काढले होते. एकाशेजारी एक, बारीक, जपून. मी मोजले. सात होते.

ती उठली, पुस्तक छातीशी धरलं आणि पडलेल्या दाताच्या फटीतून माझ्याकडे बघून हसली. माझंच बाळ. नाकावर पिवळा खडू लागलेला.

"आई, हे माझं आहे ना?"

मी खाली बसले, पदराने तिचं नाक पुसलं.

"हो," मी म्हटलं. "तुमचंच."